कामाचा मोगू, फोटोचा मोगू

आमच्या खालच्या मजल्यावरच्या ओकिनुसान जिना नेहमी डाव्या बाजूने चढायच्या. वरून कोणी उतरत असलं तर बाजूला न होता तिथेच थांबून राहायच्या. वसाहतीतल्या बायका म्हणत, काय हा ताठा! ताठा वगैरे काही नव्हता. उजवा खांदा गेला होता, कठडा धरायला डावाच हात उरला होता. आणि खांदा कशाने गेला हे त्या कोणाला सांगत नव्हत्या. कोणी विचारलं तर म्हणत, "चोफू शहरात एका हपिसात असते. फायली वरच्या फळीवर ठेवून ठेवून गेला."

संध्याकाळी पाच वाजता आमच्याकडे प्रत्येक घरात 'मोगूचं बीळ' लागतं. लागायचं, असं म्हणायला हवं आता. मोगू म्हणजे हातावर चढवून खेळवायची एक बाहुली, तपकिरी चिचुंद्री, गळ्यात लाल मफलर. बिळातून डोकं काढायची, वास घ्यायची, मोजायला लागायची आणि सातनंतर काय येतं तेच विसरायची. मग देशभरातली पोरं टीव्हीसमोर ओरडायची, "आठ!" मी लहानपणी ओरडले आहे. दात घासणं, बटणं लावणं, रस्ता ओलांडताना हात वर करणं, हे सगळं मला आईच्या आधी मोगूने शिकवलं. त्याचा आवाज मिनेगिशीसान या मोठ्या नटीचा, हे सगळ्यांना माहीत होतं. तिच्या मुलाखती यायच्या, जाहिराती यायच्या. हात कोणाचा, हे मात्र कोणाला माहीत नव्हतं. माहीत असू नये असाच नियम होता. शेवटच्या नावांच्या पाटीतसुद्धा हात चालवणाऱ्याचं नाव नसे, कारण एखाद्या अक्षरओळख झालेल्या पोराने वाचलं तर मोगू मेलाच.

मला हे कळलं ते फुमीमुळे. माझी मुलगी घरात चुरूचुरू बोलते आणि दाराबाहेर पाऊल पडलं की मुकी. बालवाडीत दोन वर्षांत एक शब्द नाही. बाई म्हणायच्या, "लाजाळू आहे हो." डॉक्टर म्हणायचे, वाट बघा. वाट बघायला सांगणाऱ्यांना घड्याळ नसतं. मी रोज तिला आणायला जायचे तेव्हा बाईंच्या चेहऱ्याकडे बघायचे, आज काही झालं का ते शोधायला, आणि बाई रोज तेच हसायच्या.

एकदा जिन्यात ओकिनुसान समोर आल्या. फुमी माझ्या मागे लपली. त्यांच्या हातात कांद्याच्या पातीची पिशवी होती, ती त्यांनी पायरीवर ठेवली. मग त्यांचा उजवा हात, नुसता हात, वर काही नाही, कठड्याच्या कडेवरून हळूच वर आला. मनगट वाकलं. बोटं मिटलेली. हाताने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, वास घेतला आणि झटकन खाली गेला.

"मोगू!" फुमी म्हणाली. मोठ्याने. परक्या माणसासमोर.

ओकिनुसाननी हात कोटाच्या खिशात कोंबला, दुकानातून काही उचलताना कोणी पकडावं तसा.

त्या दिवशी मी त्यांना चहाला बोलावलं. त्यांनी आधी फुमीला आतल्या खोलीत पाठवायला लावलं, मग बोलायला लागल्या. "फुमीची आई, कोणाकडे बोलू नका हं. माझ्या सख्ख्या बहिणीला मी सांगितलेलं नाही. तिला अजून वाटतं मी फायली लावते."

"इतकी वर्षं?"

"सव्वीस वर्षं फळ्यांच्या खाली पडून आहे मी. डोक्यावर बिळं, पोटाखाली चाकाची पाटी. वर काय चाललंय ते एवढ्याशा पडद्यात बघायचं. मिनेगिशीसानचा आवाज आधीच भरलेला असतो, तो कानात सोडतात, आणि त्या आवाजाला मी अंग द्यायचं." मग हसून म्हणाल्या, "लोक वर चढतात, मी खालची खालीच म्हातारी झाले."

मोगू एक नव्हता, दोन होते, हे मला तेव्हा कळलं. एक कामाचा मोगू. लोकर झिजलेली, पोटावर तीन ठिकाणी ठिगळ, आत घामाचा वास. त्याच्या डोक्यात एक लाकडी मूठ होती, ओकिनुसानच्या बोटांच्या मापाची. त्यांच्या नवऱ्याने कोरलेली. ते त्याच स्टुडिओत सुतार होते, मोगूची सगळी बिळं त्यांनी कापली, आणि एका हिवाळ्यात गेले. दुसरा फोटोचा मोगू. स्वच्छ, आत दाबून कापूस भरलेला. हा खाली स्वागतकक्षात खुर्चीवर बसायचा. शाळांच्या सहली आल्या की पोरं त्याच्याशेजारी उभी राहून फोटो काढायची. हाताशिवाय लोळागोळा झालेला कामाचा मोगू पोरांना दिसता कामा नये, म्हणून हा.

"हिराबायाशीसाननी मला शब्द दिलाय," ओकिनुसान म्हणाल्या. हिराबायाशीसान म्हणजे दिग्दर्शक. "नवरा गेला तेव्हा दिला. बीळ बंद होईल त्या दिवशी मोगू तुमच्या घरी जाईल, म्हणाले. तोवर स्टुडिओबाहेर न्यायचा नाही, नियम आहे. पण तो आला ना, की पहिल्यांदा वर तुमच्याकडे येईल. फुमीचानशी बोलेल."

फुमी दाराआडून ऐकत होती. त्या दिवसापासून तिने खिडकीखालचा एक कोपरा रिकामा केला, तिथे आपली उशी ठेवली आणि मला बजावलं, इथे कोणी बसायचं नाही.

आमच्याकडे टीव्हीवरून कोणाला काढून टाकत नाहीत. तो 'पास होऊन पुढे' जातो. जानेवारीत जाहीर झालं की मोगू मार्चमध्ये पास होणार, दीड तासाचा खास कार्यक्रम होणार आणि एप्रिलपासून नवीन मोगू येणार, संगणकावर काढलेला. मला वाटलं ओकिनुसान कोसळतील. तर त्या चक्क पडदे धूत होत्या.

"घरी पाहुणा यायचाय," म्हणाल्या.

"हिराबायाशीसानना आठवण केलीत ना?"

"छे! आठवण करायची म्हणजे तुम्ही विसरलात असं तोंडावर म्हणणंच की. त्यांच्या लक्षात असेल."

"आणि नसेल तर?"

"फुमीची आई, तुम्ही फार काळजी करता."

करते. कोणी तरी करायला हवी.

खास कार्यक्रम मी आणि फुमीने घरी बघितला. स्टेजवर पोरं, फुगे, जुन्या मुलांचे आता मोठे झालेले चेहरे. मोगू मोजायला लागला, सातपर्यंत आला, थांबला. सगळी पोरं तोंड उघडून तयार. आणि मोगू स्वतःच म्हणाला, "आठ." पोरं गप्प झाली. फुमीसुद्धा. मिनेगिशीसान रुपेरी किमोनोत रडत होत्या, त्यांना मोठा पुष्पगुच्छ दिला. मग मोगूलाही एक दिला. मोगूने तो दोन्ही हातांनी घेतला, छातीशी धरला, आणि वाकून नमस्कार केला. पडद्यावर ते गोड दिसलं. मला त्या गुच्छाचं वजन दिसत होतं आणि त्याच्या खाली कुठे तरी तो खांदा.

पुढचं मला ओकिनुसाननी सांगितलं. कॅमेरे बंद झाल्यावर कोणी तरी मोगू त्यांच्या हातातून काढून आत नेला आणि त्यांना फळ्यांखालून बाहेर बोलावलं. सगळे टाळ्या वाजवत होते. नेझू नावाचा एक नवा साहाय्यक, पंचविशीचा, मोठा खोका घेऊन आला. वर लाल फीत. हिराबायाशीसान म्हणाले, "ओकिनुसान, दिलेला शब्द." त्यांनी खोका घेतला, कंबरेत वाकल्या आणि तसाच घरी आणला. देणाऱ्यासमोर भेट उघडायची नसते, हे आमच्याकडे रांगत्या पोरालाही माहीत असतं.

सकाळी त्यांनी आम्हाला खाली बोलावलं. फुमीने निळा फ्रॉक घातला होता, केसांना क्लिपा लावल्या होत्या. ओकिनुसाननी फीत सोडली, ती गुंडाळून ठेवली, कागद न फाडता काढला. आत मोगू होता. लोकर फुललेली, मफलर नवा कोरा.

ओकिनुसाननी त्याला उलटा केला. खालून हात घालायला गेल्या. हात अडला. त्यांनी बोटांनी चाचपलं, कडेकडेने, एकदा, परत एकदा. खाली घट्ट शिवण होती.

"फोटोचा आहे," त्या म्हणाल्या.

फुमीने मोगूकडे बघितलं, मग ओकिनुसानकडे, आणि माझ्या मागे गेली.

"फोन लावा," मी म्हटलं. "आत्ता लावा. चुकून झालं असेल."

त्यांनी लावला. आभार मानायला लावला, असं सुरू केलं. नेझूचा आवाज एवढा मोठा की मला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"आवडला ना, ओकिनुसान? मी स्वतः ब्रश मारलाय दोन दिवस! आधी कामाचाच काढला होता हो तुमच्यासाठी. पण बघवेना. मळलेला, ठिगळं लावलेला. इतक्या वर्षांच्या माणसाला असली जुनी फाटकी वस्तू हातात द्यायची? मला लाज वाटली. हिराबायाशीसानही म्हणाले, बरं झालं तुझ्या ध्यानात आलं."

"मग तो... तो कुठे आहे?"

"त्याचे तर सगळ्यात जास्त उपकार! त्याला कचऱ्यात कसं टाकणार? आज सकाळीच देवळात नेऊन दिलाय. शनिवारी बाहुल्यांना निरोप द्यायचा विधी आहे, मंत्र म्हणून अग्नी देतात. आम्ही सगळे जाणार आहोत. तुम्ही याच हं!"

"किती विचार केलात हो माझा," ओकिनुसान म्हणाल्या आणि फोन ठेवला.

माझं डोकं फिरलं. "का नाही सांगितलंत? अजून जाळलेला नाही ना तो!"

"त्या पोराने दोन दिवस ब्रश मारलाय. पहिली नोकरी आहे त्याची. सगळ्यांसमोर शाबासकी मिळालीय. आता मी म्हणू, मूर्खा, चुकलास?"

"मूर्खा म्हणू नका. चुकलास एवढंच म्हणा."

"तेच झालं ते."

"आणि ती मूठ? ती जाळू देणार तुम्ही?"

फोटोच्या मोगूला त्यांनी पुन्हा खोक्यात ठेवलं, मफलर सारखा केला. मी मग फुमीचं नाव काढलं. काढायला नको होतं असं मला वाटत नाही. वचन त्यांनीच दिलं होतं. मी म्हटलं, "तिला मी काय सांगू? पाहुणा आला पण त्याच्यात जीव नाही, असं?"

बराच वेळ चहाची किटली पुसत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "शनिवारी हिराबायाशीसानना बाजूला घेऊन सांगते. तुम्ही चला माझ्याबरोबर. तुम्ही असलात की मला पळून जाता येणार नाही."

फुमीला माझ्या सासूकडे सोडून मी गेले. देवळाच्या आवारात लांब फळ्यांवर बाहुल्या निजवल्या होत्या. राजाराणीच्या बाहुल्या, कापडी अस्वलं, कोणाच्या तरी आजीच्या हातच्या. सगळ्यांच्या तोंडावर पांढरी फडकी. मोगू मधोमध, वेगळ्या पाटावर. त्याचे डोळे प्लॅस्टिकचे होते, प्लॅस्टिक जाळायला परवानगी नाही, म्हणून नेझूने ते आधीच काढून एका डबीत घातले होते आणि डबी तो खिशात घेऊन उभा होता. स्टुडिओतले पंधरावीस लोक काळे कपडे घालून आले होते. मिनेगिशीसान आल्या नव्हत्या. त्यांची फुलं आली होती.

हिराबायाशीसानचे डोळे सुजले होते. ओकिनुसान त्यांच्याजवळ गेल्या. मी दोन पावलं मागे.

"हिराबायाशीसान, जरा एक..."

"काही बोलू नका ओकिनुसान. तुम्ही बोललात की मला रडू आवरणार नाही. नेझूने सुचवलं म्हणून, नाही तर आम्ही त्याला गोदामात कुजवला असता. पोरगा लहान आहे, पण मन बघा त्याचं."

"हो," ओकिनुसान म्हणाल्या. "छान केलंत."

आणि वळल्या. एवढंच. तेवढ्यासाठी आम्ही दोन गाड्या बदलून आलो होतो.

मग मी बोलले. "माफ करा. हाच मोगू त्यांना हवा होता. तुम्ही शब्द दिला होता तो याचा. घरी पाठवलेल्यात हातच जात नाही."

नेझूचे कान लाल झाले आणि चेहरा मात्र पांढरा पडला. हिराबायाशीसाननी ओकिनुसानकडे बघितलं. "खरं आहे का?"

ओकिनुसान हसल्या. तोंडावर डावा हात धरून, पाहुण्यांत हसतात तसं. "अहो, या माझ्या शेजारीणबाई. यांची मुलगी मोगूवेडी आहे. घरी एक आलाय तर आता दुसराही हवा! आयांचं असंच असतं, मुलांसाठी लाज सोडतात."

सगळे हसले. सुटल्यासारखे हसले. नेझूने खिशातली डबी घट्ट धरली होती, ती सोडली. एक बाई मला म्हणाली, "माझंही असंच होतं हो, मुलगा लहान होता तेव्हा." मी वाकून माफी मागितली. दुसरं काय करणार होते?

भटजींचे मंत्र झाले. बाहुलीतला जीव काढून घेण्याचे मंत्र असतात ते, त्यानंतर ती नुसती वस्तू. पहिली उदबत्ती ओकिनुसानची, मान त्यांचा. मग मोगूला अग्नीत ठेवायचा मानही त्यांचाच. त्यांनी त्याला पाटावरून उचलला. उचलताना उजवा हात आत गेला. त्यांनी घातला असं मी म्हणणार नाही. सव्वीस वर्षं तो असाच उचलला जात होता, तसा गेला. आणि पांढऱ्या फडक्याखाली मोगूची मान वर झाली. एक क्षण. नेझू हुंदका देऊन मागे सरला. भटजी थांबले.

ओकिनुसाननी हात काढून घेतला आणि त्याला ठेवला. लोकर लगेच पेटली. मूठ बराच वेळ राहिली.

परतीच्या गाडीत मी म्हटलं, "मला वेडी ठरवलंत सगळ्यांसमोर."

"तुम्हाला ती माणसं परत कधी दिसणार नाहीत."

"आणि तुम्हाला? तुम्हाला तरी कुठे दिसणार आहेत? संपलं ना सगळं!"

स्टेशनवर उतरल्यावर त्यांनी फुमीसाठी भाजलेलं रताळं घेतलं, कागदात गुंडाळून माझ्या हातात दिलं. मी घेतलं आणि बोलले नाही. आठवडाभर बोलले नाही.

घरी फुमीने विचारलं, "आला?" मी म्हटलं, तो पास होऊन पुढे गेला. माझ्या तोंडूनही तेच निघालं. तिने खिडकीखालची उशी उचलून अंथरुणावर नेली. एप्रिलमध्ये ती पहिलीत गेली. शाळेत अजून बोलत नाही. नव्या बाईही हसतात.

संगणकावरचा मोगू पोरांना आवडला नाही. तो सातनंतर विसरत नव्हता, आणि विसरला तरी मुद्दाम विसरल्यासारखा. उन्हाळ्यात स्टुडिओतून फोन आला. ऑगस्टमध्ये खास कार्यक्रम करायचा होता, 'मोगू घरी आला'. जुना मोगू एका दिवसापुरता हवा होता. ओकिनुसाननी सांगितलं, माझ्याकडे फोटोचाच आहे, तो हलत नाही. तिकडून म्हणाले, काही हरकत नाही, प्रवासातून दमून आलाय असं दाखवू, खुर्चीत बसेल, आवाज मिनेगिशीसान देतील. हलवायचाच नसल्यामुळे हलवणाऱ्याची गरज नव्हती. ओकिनुसाननी त्याला ब्रश मारला, त्याच खोक्यात घातला, तीच फीत बांधून पाठवला.

कार्यक्रम त्यांनी आमच्याकडे बसून बघितला. मी गार नूडल्स केल्या होत्या. मोगू खुर्चीत बसला होता. आवाज म्हणत होता, "काय मजा केली म्हणून सांगू!" आणि मोगू समोर बघत बसला होता. पाचेक मिनिटं फुमीने बघितलं. मग म्हणाली, "हा तो नाही," आणि रंगाची पेटी घेऊन आत गेली.

ओकिनुसाननी शेवटपर्यंत बघितलं. आवाज चढला की त्यांच्या मांडीवरचा उजवा हात मनगटातून उठायचा. त्यांनी डाव्या हाताने तो दाबून धरला. मी टीव्हीकडे बघत राहिले. शेवटी नावांची पाटी सरकत गेली, मग बातम्या लागल्या.

दुसऱ्या दिवशी मी उरलेल्या नूडल्स बांधून दिलेली भांडी परत घ्यायला गेले तेव्हा त्या स्टुडिओला फोन करून आभार मानत होत्या. फोन ठेवल्यावर मी विचारलं, "मोगू कधी परत देणार?"

"स्वागतकक्षातली खुर्ची रिकामी बरी दिसत नाही म्हणे. सहली यायला लागल्यात परत."

"म्हणजे दिलेला तोही काढून घेतला?"

"काढून कुठे घेतला?" ओकिनुसान म्हणाल्या. "ते काही मागत नव्हते बिचारे. मीच म्हटलं, राहू दे."